कव्हर पक्के, कोपऱ्याचं काय?

काल २३ ऑगस्ट २०२५ होता. दहा वर्षांपूर्वी याच तारखेला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुम्बानं बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवलं आणि प्रो कबड्डीचा दुसरा हंगाम जिंकला. कर्णधार अनुप कुमारच्या हातात करंडक आला, घरचं मैदान डोक्यावर घेतलं गेलं. त्यानंतर पाटणा, बंगळुरू, बंगाल, दिल्ली, जयपूर, हरियाणा, इतकंच काय शेजारचं पुणेसुद्धा विजेतं झालं. मुंबईच्या नशिबी दुसरा करंडक काही आला नाही. येत्या शुक्रवारी, २९ तारखेला, विशाखापट्टणमला बारावा हंगाम सुरू होतोय आणि आमच्या वडप्यात पुन्हा तीच चर्चा रंगली आहे. यंदा तरी?

वडपे म्हणजे भिवंडीच्या पुढे, मुंबई-नाशिक महामार्गावर. गाव बहुतेकांना माहीत आहे ते वाहतूक कोंडीच्या बातम्यांतून आणि गोदामांमुळे. भाताच्या खाचरांच्या जागी गोदामांचे पत्रे आले, पोरं तिथे पाळीला जाऊ लागली. या आगरी पट्ट्यात खेळ म्हणजे पूर्वी कबड्डी. आता टेनिस बॉलच्या क्रिकेटला मोटारसायकली बक्षीस लागतात, त्यामुळे चपळ पायांची बरीच पोरं तिकडे वळली आहेत. तरी भात कापून झालं, रान मोकळं झालं की हॅलोजनच्या उजेडात मैदान आखलं जातंच. त्या मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ पाहणारा माणूस टीव्हीवरची कबड्डी जरा वेगळी पाहतो. समालोचक चढाईपटूचं नाव घेत असतो, याचं लक्ष कोपऱ्यावर असतं.

म्हणूनच हंगाम सुरू व्हायच्या आधी संघ कसा वाचायचा, ते कोपऱ्यापासून सांगतो.

मैदानात सात जण. बचाव करताना ते अर्धगोलात उभे राहतात: डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, मधला, मग उजवा कव्हर, उजवा इन आणि उजवा कोपरा. डावं-उजवं हे बचाव करणाऱ्याच्या बाजूनं धरायचं. चढाईला आलेल्याच्या दृष्टीनं सगळं उलटं. इनला आणि मध्यभागी बहुधा आपले चढाईपटूच उभे असतात, पकडीत हातभार लावण्यापुरते. खरी पकड चौघांची. दोन कोपरे, दोन कव्हर. बाकी सगळी सजावट आहे असं म्हणणार नाही, पण लिलावाच्या रात्री बातम्यांत ज्यांची नावं मोठ्या टाइपात येतात, त्यांच्यापेक्षा या चौघांची यादी मी आधी पाहतो.

कोपऱ्याचं काम सगळ्यात जोखमीचं का, ते मापात दडलेलं आहे. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यातला एकेक मीटर दोन्ही बाजूंच्या राखीव क्षेत्राचा, जे झटापट झाल्याशिवाय खेळात धरत नाहीत. म्हणजे सुरुवातीला चढाईपटूला मिळतात आठ मीटर रुंदी आणि साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. सहा किंवा सात जण मैदानात असले की चढाईपटू बोनस मारायला येतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. हे तो बहुतेक वेळा कोपऱ्याच्या अंगणातच करतो.

आता कोपऱ्याकडे पाहा. तो गुडघ्यात वाकलेला, वजन पंजांवर, हात जमिनीपासून वीतभर वर. चढाईपटू एकदा खोटा पाय टाकतो. कोपरा हलत नाही. दुसऱ्यांदा टाकतो, कोपरा अर्धं पाऊल मागे घेतो, जणू घाबरला. तिसऱ्यांदा पाय खरा येतो आणि टेकतो, तेव्हा त्या पायावर अंगाचा सगळा भार असतो; तो परत उचलायला जो निमिष लागतो, तेवढ्यात कोपरा झेपावतो आणि दोन्ही हातांनी घोटा धरतो. खांदा नडगीला भिडवतो, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, नाहीतर गुडघा थेट तोंडावर. पण घोटा एकट्यानं फार वेळ धरता येत नाही. ८०-८५ किलोचा गडी मध्यरेषेकडे झेप घेतो तेव्हा कोपरा त्याच्यासोबत फरफटत जातो. इथे कव्हर लागतो. त्यानं त्याच क्षणी आडवं येऊन वाट अडवली किंवा धडक मारून गड्याला बाहेर घातलं, तर एक गुण. तो अर्धा सेकंद उशिरा आला, तर चढाईपटूला दोन गुण आणि आपले दोघे बाहेर.

म्हणून पकड ही जोडीची. कोपरा झेपावण्याआधी कव्हरला कळलेलं असावं लागतं. ते कसं कळतं, हे विचारून उपयोग नाही; ते एकत्र खेळून येतं.

२०१५ च्या यू मुम्बाकडे हे होतं. डाव्या कोपऱ्यावर सुरेंदर नाडा, उजव्यावर मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपला विशाल माने. ही फळी पहिल्या हंगामापासून जमलेली. २०१४ ला अंतिम फेरीत जयपूरकडून हरली, २०१५ ला जिंकली, २०१६ च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि पाटण्याकडून ३१-२८ अशी अगदी थोडक्यात हरली. लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या. श्रेय अनुपला मिळालं, ते योग्यच. तो मैदानात उभा राहिला की घाई नावाची गोष्ट संघात उरत नसे. पण चढाईला जाताना मागे कोण उभं आहे याची त्याला चिंता नव्हती, हेही लक्षात घ्या. चौथ्या हंगामात नाडा आणि छिल्लर दोघेही बंगळुरूला गेले आणि त्या उंचीचा बचाव मुंबईला पुन्हा जमला नाही.

मग आला २०१८. यू मुम्बानं इराणच्या फजल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले. लीगच्या इतिहासातला तो पहिला कोट्यधीश, आणि तो डावा कोपरा होता, ही गोष्ट मला अजून सुखावते. उजव्या कोपऱ्यावर धर्मराज चेरलाथन, वय ४३. त्या वयात माणसं गावच्या मैदानात पंचगिरी करतात, हा विशी-पंचविशीतल्या पोरांचे घोटे धरत होता. चढाईला कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई, पदार्पणातच २१८ गुण. एवढं सगळं असून बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धानं ३४-२९ असं घरी पाठवलं. तेव्हा पुष्कळ कारणं दिली गेली. माझं मत तेव्हाही हेच होतं: कोपरे अनुभवी, कव्हर कोवळे. घोटा धरलेला दिसायचा आणि मदत येईपर्यंत गडी मध्यरेषा ओलांडून गेलेला असायचा.

यंदा चित्र नेमकं उलटं आहे.

कव्हरला कर्णधार सुनील कुमार आणि परवेश भैन्सवाल. या जोडीइतकी एकमेकांना ओळखणारी कव्हरची जोडी लीगमध्ये दुसरी मला तरी दिसत नाही. २०१७ पासून दोघं गुजरातकडून एकत्र खेळले, लागोपाठ दोन वेळा अंतिम फेरीत गेले, दोन्ही वेळा हरले. हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात दोघेही होते. गेल्या वर्षी यू मुम्बानं सुनीलला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं. भारतीय बचावपटूला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. परवेशही आला आणि जुनी जोडी पुन्हा जमली. निकाल दिसला: संघ पाचवा आला, बाद फेरीत पोचला, तिथे पाटण्यानं ३१-२३ असं रोखलं. २३ गुण हा आकडा चढाईवर बोट ठेवतो हे खरं, पण समोरच्याला ३१ वर अडवणारा बचाव काही वाईट म्हणता येणार नाही.

आता एक जुना धागा. गुजरातच्या त्या पहिल्या हंगामात सुनील-परवेशच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यावर कोण होते? डावीकडे फजल अत्राचली, उजवीकडे अबोझर मिघानी. दोघेही इराणी, दोघेही दांडगे. म्हणजे ही कव्हरची जोडी घडली ती जबरदस्त कोपऱ्यांच्या मधोमध. मुंबईकडे यंदा तसे कोपरे आहेत का? उजव्या कोपऱ्यावर आज रिंकू आहे. काही हंगाम मुंबईकडेच आहे, पाय ओळखतो, कधीकधी उतावळा होतो. सामना बरोबरीत असताना तो लवकर झेपावला की आमच्या कट्ट्यावर डोक्याला हात लावला जातो. तरी त्याच्याबद्दल मला फार काळजी नाही. सुनील त्याच्या शेजारी आहे आणि त्याला आवरतो. डाव्या कोपऱ्याचं मात्र कोडं आहे. मला विचाराल तर ती जागा लोकेश घोसलियाला द्यावी आणि चार सामने बिघडले तरी हलवू नये. डावा कोपरा दर आठवड्याला बदलणारा संघ तळाला जातो.

ही जागा किती मोलाची, ते बाजारानं सांगितलंच आहे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. तोच राकेश यंदा यू मुम्बाचा मुख्य प्रशिक्षक आहे. आणि यंदाचा सगळ्यात महाग खेळाडू? मोहम्मदरझा शादलुई, गुजरात जायंट्स, २ कोटी २३ लाख. इराणी, अष्टपैलू म्हणून नोंद, पण उभा राहतो डाव्या कोपऱ्यावर. दहाव्या हंगामात तो पुण्याकडे होता, पुणे जिंकलं. अकराव्यात हरियाणाकडे गेला, हरियाणा जिंकलं. योगायोग म्हणा हवं तर. पाटण्यानंही अंकित जागलानसाठी दीड कोटीच्या वर मोजलेत, तोही डावा कोपराच.

चढाईबद्दल थोडक्यात. अजित चौहान हा महाराष्ट्राचा पोरगा गेल्या हंगामात नवखा म्हणून आला आणि संघाची पहिली पसंती होऊन बसला. दुसरं वर्ष अवघड असतं, कारण आता प्रत्येक संघानं त्याचे व्हिडिओ पाहिलेत. त्याचा कुठला पाय आधी पुढे येतो ते कोपऱ्यांना पाठ झालं असेल. इराणचा जफरदानेश त्याच्या जोडीला आहे. तिसरा भरवशाचा चढाईपटू कोण, हे मला अजून दिसत नाही. अजित बाहेर बसलेला असताना तिसरी चढाई, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा अशी, कोण करणार? तिथे संघ अडखळेल अशी मला भीती आहे.

यंदा नियमही बदललेत, आणि ते बचावाच्या बाजूचे आहेत असं मला वाटतं. आतापर्यंत विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर एक गुण मिळायचा. आता जिंकलात तर दोन, हरलात तर शून्य. साखळीतही बरोबरी नाही. गुण समान झाले की पाच-पाच चढायांचा टायब्रेकर आणि तरीही फैसला झाला नाही तर सुवर्ण चढाई. म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडी सातच्या आत ठेवून एक गुण पदरात पाडून घेण्याचा हिशेब संपला. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरलेले असताना केलेली अव्वल पकड दोन गुण देते. अटीतटीच्या सामन्यात तीच निकाल फिरवणार. आणि तिघांत अव्वल पकड करायला एक कोपरा आणि एक कव्हर लागतातच.

एक खंत मात्र आहे. सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईत एकही नाही. २०२४ च्या जानेवारीत एनएससीआयमध्ये शेवटचे सामने झाले, त्यानंतर घरचा संघ घरी खेळलेलाच नाही. ज्या महाराष्ट्रानं हुतूतूला नियम दिले, जिथे कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, कबड्डी दिन साजरा होतो, तिथल्या पोरांनी मुंबईचा संघ फक्त पडद्यावर बघायचा. वडप्याहून वरळी तशी लांबच, त्यातून ठाण्याच्या माजिवड्यापर्यंतचा रस्ता कुणाला चुकलाय. पण गेलो असतो.

तर पहिला सामना शनिवारी, ३० तारखेला. दीड दिवसाचे गणपती गेलेले असतील, गौरी रविवारी येणार, त्यामुळे घरोघरी गडबड. समोर गुजरात, म्हणजे शादलुई. सुनील आणि परवेश ज्या संघात वाढले तोच संघ, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यावर लीगमधला सगळ्यात महाग गडी. अजित त्याच्या बाजूनं बोनसला जातो की पहिली दहा मिनिटं त्याला टाळतो, ते बघा. आणि आपल्या डाव्या कोपऱ्यावर कोण उभा राहतो, तो पहिल्या चढाईला किती धीर धरतो, तेही.