दृष्टीआड अप्रेझल!

तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. ऐकायला झक्कास! पण प्रमोशनच्या वेळी बॉसला नेमकं कोण आठवतं?

बुधवार, सकाळचे साडेदहा. निम्मी टीम हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून एकदाची कॉन्फरन्स रूममध्ये टेकलेली. उरलेली निम्मी स्क्रीनवरच्या चौकोनांत. मीटिंग संपते, चौकोन बंद होतात आणि खरी मीटिंग सुरू होते कॉफी मशीनपाशी! नवा क्लायंट कुणाला द्यायचा, हे तिथे दोन घोटांत ठरतं. घरून रात्री अकरापर्यंत प्रेझेंटेशन पूर्ण करणारीला ते कळतं दुसऱ्या दिवशी, मेलवरून.

चिडचिड होते ना? साहजिक आहे. आणि ही नुसती कुरकुर नाही बरं का!

एक कंपनी, दोन प्रयोग

शांघायमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने २०१० मध्ये एक प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी तयारी दाखवली, त्यांच्यापैकी सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण मेख पुढेच आहे. तेवढंच चांगलं काम करूनही घरच्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी! शिवाय प्रयोग संपल्यावर त्यातले जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले. मोठं कारण? एकटेपणा.

त्याच कंपनीने (आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम) २०२१-२२ मध्ये पुन्हा प्रयोग केला. या वेळी १,६१२ पदवीधर कर्मचारी. विषम तारखेवाल्यांना बुधवार-शुक्रवार घर, बाकीचे पाचही दिवस ऑफिसात. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सर्वाधिक फायदा स्त्रियांना, लांबून येणाऱ्यांना आणि जे मॅनेजर नाहीत त्यांना. आणि दोन वर्षं पाहिलं तरी अप्रेझल वा बढतीत काहीच फरक नाही! हे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. गंमत म्हणजे, सुरुवातीला कामाचं नुकसान होणार म्हणणाऱ्या मॅनेजर मंडळींचं मतही शेवटी बदललं.

दोन्हीकडची कामं वेगळी होती, मान्य. तरी आम्हाला त्यातून एक गोष्ट दिसते. घरचे दिवस थोडे आणि सगळ्यांना ठाऊक असतील, उरलेले दिवस सगळे एकत्र असतील, तर कुणी दृष्टीआड होत नाही. ‘ज्याला हवं त्याने यावं’ म्हणणारा बॉस दिलदार वाटतो खरा. पण समोर दिसणाऱ्यालाच तो नकळत झुकतं माप देतो.

‘घरीच आहेस ना?’

घरचं कामही काही सुखाचा सोहळा नव्हे. वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबल हेच डेस्क. कॉल चालू असताना कुकरच्या शिट्ट्या, दारात कुरियरवाला आणि आतून हाक, ‘‘घरीच आहेस ना, मग जरा दूध बघ!’’ ऑफिसला वाटतं ही घरी आहे म्हणजे मोकळी. घराला वाटतं तेच. मधल्यामध्ये लॅपटॉप काही मिटत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर ‘डिस्कनेक्ट’ होण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तूर्तास सगळी भिस्त बॉसवरच!

बॉस, एवढं कराच!

* घरचे दिवस टीमला विचारून ठरवा आणि ते स्वतःही पाळा. साहेब रोज ऑफिसात दिसले, की बाकीचे आपोआप येऊ लागतात.
* कॉफीपाशी ठरलेलं त्याच दिवशी सगळ्यांना लिहून कळवा.
* अप्रेझलला बसताना आधी कामांची यादी काढा, मग चेहरे आठवा.
* रात्रीचा मेल सकाळी पाठवा.

आणि तुम्ही? आपलं काम आपोआप दिसेल या भ्रमात राहू नका. दर शुक्रवारी आठवड्यात काय केलं ते चार ओळींत बॉसला लिहून टाका. ही काही चमचेगिरी नव्हे, हजेरी आहे!