रत्नागिरी ते मंडाले

आम्हां नागपूरकरांना समुद्राचे भारी अप्रूप! म्हणून सुटीत रत्नागिरी गाठली. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर पाहिले आणि टेकडीवरच्या थिबा राजवाड्यात गेलो. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून हलविले नि पुढे येथे आणून ठेवले. हा वाडा पुरा झाला १९१० साली. आणि गंमत पाहा, त्याच साली टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहावयास बसले होते. तुरुंगही थिबाच्याच जुन्या किल्ल्यात! टिळक १९१४ साली सुटले. थिबा १९१६ साली येथेच वारला.

मंडालेही नागपूरसारखेच समुद्रापासून दूर. खाली भाट्याची खाडी चमकत होती. सौभाग्यवती हळूच म्हणाली, “अहो, त्याला हे पाणी कधी आवडलं असेल का?”