जुना गिझर : बिघाड ओळखा, धोका टाळा



राहुरी परिसरातील अनेक वस्त्यांवर घरवापरासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरले जाते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड समजावे. असे पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार वेगळे होऊन कॉईलवर चुनखडीसारखा थर बसतो. त्यामुळे कॉईलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि कॉईल स्वतःच तापून जळते. गिझर जुना झाला की पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

१) पाणी उशिरा तापणे : १५ लिटरच्या, २००० वॅटच्या गिझरला पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास साधारण २१ मिनिटे लागतात. परंतु विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० वर आल्यास याच कामाला सुमारे ३४ मिनिटे लागतात. म्हणून प्रथम दाब तपासावा. दाब योग्य असूनही उशीर होत असल्यास कॉईलवर क्षार साचले असण्याचा संभव असतो.

२) तापताना कडकड आवाज येणे : हेही क्षार साचल्याचे लक्षण आहे. जाणकार कारागिराकडून कॉईल काढून घ्यावी व सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवून साफ करावी. चाकूने खरडू नये. त्याच वेळी टाकीतील मॅग्नेशियमची कांडी पाहावी. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. ती झिजली असल्यास बदलावी.

३) पाणी उकळणे, वाफ येणे : थर्मोस्टॅट निकामी झाला आहे. मेन स्विच ताबडतोब बंद करावा. टाकी थंड होईपर्यंत तिला हात लावू नये.

४) सुरक्षा झडपेतून पाणी गळणे : पाणी तापून प्रसरण पावते, त्यामुळे तापताना थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे. सतत धार लागल्यास झडप बदलावी. गळती थांबविण्यासाठी झडपेला बूच मारणे ही मोठी चूक होय. दाब बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यास टाकी फुटू शकते.

५) नळाला झिणझिण्या येणे : गिझर त्याच क्षणी बंद करावा व दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नये. आर्थिंग तपासून घ्यावे. गिझरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवावा. अंघोळीपूर्वी गिझर बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी.

दुरुस्ती की नवीन?

कॉईल, थर्मोस्टॅट व झडप बदलता येतात. परंतु टाकीच गंजून गळू लागली असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नये. नवीन गिझर घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहूनच घ्यावा.

दुरुस्तीनंतर गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबू नये. कोरड्या टाकीत कॉईल लगेच जळते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवू नये, कारण पाणी जितके जास्त तापते तितके क्षार अधिक साचतात. थंडी सुरू होण्यापूर्वी दरवर्षी एकदा तपासणी करून घेतल्यास खर्च तर वाचेलच, शिवाय घरातील माणसेही सुरक्षित राहतील.