नेत्रपाहणी : गांवानें करावयाचें एक काम

तहसील कचेरींत कारकुनी करतांना एक गोष्ट मीं वारंवार पाहिली. फेरफाराची नोटीस असो कीं सात-बाराचा उतारा असो, वृद्ध खातेदार कागद डोळ्यांजवळ नेत, पुन्हा लांब धरीत, आणि अखेर "बाबूजी, तुम्हीच वाचा" असें म्हणून अंगठा पुढें करीत. त्यांपैकीं कित्येक चांगले साक्षर होते. गेली होती ती दृष्टि. ज्यास स्वतःच्या जमिनीचा कागद वाचतां येत नाहीं, त्यास परक्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. म्हणून डोळ्यांचा प्रश्न हा जसा डॉक्टरांचा, तसाच खातेदारांचाहि आहे.

आपल्या वऱ्हाडांतील श्रीगुलाबराव महाराज सर्वांस ठाऊक आहेत. सन १८८१ त लोणी टाकळी येथें जन्मलेल्या ह्या सत्पुरुषाची दृष्टि तान्हेपणींच गेली, तरी त्यांनीं विपुल ग्रंथरचना केली. परंतु असा प्रज्ञाचक्षु क्वचितच निपजतो. इतरांस अंधत्व म्हणजे परस्वाधीनताच होय.

सन २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत पन्नाशीपुढील अंधांपैकीं शेंकडा ६६ जणांच्या अंधत्वास मोतीबिंदु कारण असल्याचें आढळलें. म्हणजे तिघांतील दोघांचें अंधत्व शस्त्रक्रियेनें बहुधा दूर होण्याजोगें आहे. अंधत्वनिवारणाचा सरकारी कार्यक्रम सन १९७६ पासून चालू आहे व सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. असें असतां माणसें वर्षानुवर्षें ओसरीवर कां बसून राहतात? पहिलें कारण हें कीं, एक डोळा गेला तरी दुसरा काम भागवितो, त्यामुळें हानि ध्यानांत येत नाहीं. दुसरें कारण "मोतीबिंदु पिकूं द्या, मग काढूं" हा जुना समज. पीक पिकल्यावांचून कापूं नये हें खरें. मोतीबिंदूस तो न्याय लागू नाहीं. कामांत अडचण येऊं लागली कीं तो काढावा. फार पिकलेला मोतीबिंदु काढणें अधिक अवघड होतें व क्वचित् डोळाहि बिघडवितो.

माझ्या चुलत्यांचें उदाहरण सांगतों. त्यांस दिसेनासें झालें तेव्हां आम्ही घरचे सर्व "वयोमानाचें आहे" असें म्हणून स्वस्थ बसलों. पुढें गांवांत नेत्रतपासणीचें शिबिर भरलें, तेव्हां उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु व डाव्यांत काचबिंदु निघाला. उजवा डोळा शस्त्रक्रियेनें सुधारला, व चुलते पुन्हा शेताच्या बांधावर एकटे जाऊं लागले. डावा मात्र कायमचा गेला. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, उरलेली तेवढी औषधानें राखतां येते. आम्ही वेळेवर नेलें असतें तर तो डोळा वांचण्याचा संभव होता. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नव्हे.

शेतकऱ्याच्या डोळ्यास शेतांतहि धोका आहे. तुरीचें खुंट, पऱ्हाटीची काडी किंवा ज्वारीचें पान बुबुळास लागलें तर जखमेंत बुरशी शिरून फूल पडतें. अशा वेळीं दूध, मध किंवा झाडपाल्याचा रस घालूं नये. दुकानांतून विचारून आणलेले थेंब तर मुळींच नकोत, कारण त्यांत स्टेरॉईड असल्यास बुरशी अधिकच बळावते. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. फवारणीचें औषध किंवा तंबाखूबरोबरचा चुना डोळ्यांत गेल्यास प्रथम स्वच्छ पाण्याच्या धारेनें किमान पाव तास डोळा धुवावा व मग तांतडीनें रुग्णालय गांठावें. चुन्याची डबी मुलांच्या हातीं देऊं नये. नऊ महिने ते पांच वर्षांच्या बालकांस 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवूं नयेत.

आतां मुख्य सूचना. प्रतिहंगाम आपण पीकपाहणी करतों, तशीच वर्षांतून एकदां गांवची नेत्रपाहणी कां करूं नये? कपाशीची उलंगवाडी झाली कीं हातास सवड असते. तेव्हां आशा स्वयंसेविका व शिक्षक ह्यांच्या साह्यानें शाळेंत वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता लावावा. एकेक डोळा तळहातानें, न दाबतां, झांकून दुसऱ्यानें वाचावयास लावावें. दोन्ही डोळे एकदम तपासणें म्हणजे न तपासणेंच. जे आजारी आहेत व घराबाहेर पडत नाहींत, त्यांच्या घरीं जावें. खरे अंध बहुधा तेथेंच सांपडतात. वहींत नांव, वय, उजवा डोळा, डावा डोळा व पुढें काय केलें, असे पांच रकाने असावेत.

ज्यांस कमी दिसेल त्यांस ग्रामीण रुग्णालयांत, किंवा अकोल्याच्या सर्वोपचार अथवा अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयांत पोंचवावें. मात्र काचबिंदु व मधुमेहानें होणारा पडद्याचा विकार आरंभीं तक्त्यावर उमगत नाहींत. म्हणून चाळिशीपुढें डोळ्याचा दाब व नस तपासून घ्यावी, आणि मधुमेह्यांनीं स्वच्छ दिसत असलें तरी प्रतिवर्षीं पडदा दाखवावा.

वहीचा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नांव लिहिलें पण माणूस रुग्णालयांत पोंचला नाहीं, तर ती नोंद कोरी समजावी. आमच्या सभासद बंधूंनीं यंदा आपापल्या गांवीं अशी एक वही उघडावी, आणि पहिलें नांव आपल्याच घरांतील वडील माणसाचें लिहावें, अशी माझी नम्र विनंति आहे.