जुन्नर: किल्ल्याआधीचं गाव

जुन्नर म्हटलं की शिवनेरी आठवतो, आणि १६३० साली शिवरायांचा जन्म जिथे झाला त्या गडाची आठवण आधी यावी हे योग्यच. पण गडामुळे गाव वसलं, ही समजूत मला पटत नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कुकडी नदीच्या खोऱ्यात हे तालुक्याचं गाव आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेवर नाणेघाट. कोकणातल्या कल्याण, सोपारा या बंदरांतून चढणारा माल घाटमाथा ओलांडला की याच खोऱ्यात उतरे आणि पुढे पैठणकडे जाई. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आजही आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. त्यांतल्या दानलेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, यवन दातेही भेटतात. म्हणजे गडाला तटबंदी येण्याच्या कितीतरी शतकं आधी इथे पैसा खेळत होता.

कुणी म्हणेल, लेणी भिक्षूंची, त्यांवरून बाजारपेठ कशी सिद्ध होते? पण वर्षावासात एवढ्या भिक्षूंना पोसायचं तर जवळ सधन वस्ती लागतेच, आणि दात्यांचे व्यवसाय लेखांतच कोरलेले आहेत. शिवनेरीचं मोल याने कमी होत नाही. उलट हा गड नेमका इथेच का हवा होता, ते कळतं: खालची पेठ आणि घाटाची वाट, दोन्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानेही अहमदनगर वसवण्याआधी आपलं ठाणं जुन्नरलाच ठेवलं होतं.