मुलांसाठीं संगणक-प्रणाली कशी निवडावी?

लातूर व नांदेड हीं शहरें शिकवणी-वर्गांसाठीं प्रसिद्ध आहेत. साहजिकच मुलांसाठीं संगणक-प्रणाली घेतांना पालक 'हिनें गुण किती वाढतील?' एवढेंच विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न असा असावा: हिच्यापुढें मूल स्वतः कांहीं करतें, कीं नुसतें पाहत बसतें?

मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ सालीं आरंभिलेली 'जिओजेब्रा' पाहावी. पडद्यावरील त्रिकोणाचा शिरोबिंदु मुलानें कोठेंही ओढला, तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. नियम कोणी सांगत नाहीं. तो मुलाला सांपडतो. अमेरिकेंतील एमआयटी संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'स्क्रॅच'मध्यें सूचनांचे ठोकळे जोडून मूल चित्रांतील मांजर चालवितें. मांजर भलतीकडे गेलें, तर चूक शोधून पुन्हा जोडतें. दोन्ही विद्यार्थ्यांस मोफत मिळतात.

याउलट, योग्य पर्यायावर बोट ठेवतांच टाळ्या वाजविणारी महाग प्रणाली कित्येकदां अंदाज बांधण्याचीच संवय लावते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं मुलाशेजारीं अर्धा तास बसावें. उत्तर चुकल्यावर मूल कारण शोधूं लागलें, तर प्रणाली घ्यावी. नुसतें दुसरें बटण दाबूं लागलें, तर घेऊं नये. परीक्षेचे गुण एका वर्षापुरते असतात. विचार करण्याची संवय मात्र जन्मभर उपयोगीं पडते.