शंभर तासांची मोटार
कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ १९५७ साली ब्रिटनमध्ये आली, तेव्हा तिथे तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून हौशी लोक भागांचा संच आणून मोटार घरीच जोडत. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तरी त्याच घराण्यातल्या मोटारीचे संच कॅटरहॅम कंपनी आजही विकते. जोडणीला साधारण १०० तास लागतात, असे सांगतात. मी हिशेब मांडला: दर रविवारी सहा तास धरले, तर १७ रविवार. मात्र त्यात न निघणारा बोल्ट, उलटी जोडलेली वायर, घरातले आजारपण धरलेले नाही. म्हणून माझे उत्तर असे: मोटारीला १०० तास लागतील, घरच्यांना मात्र वर्षभराचे सांगून ठेवावे.